कॅसिओ, पेटी आणि डावा हात

आमच्या गावात ‘कीबोर्ड’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे कॉम्प्युटरचा येतो. सुरांच्या कीबोर्डला सगळे कॅसिओ म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. आमचाही दुसऱ्याच कंपनीचा आहे, नाव ठळक अक्षरात समोरच लिहिलेलं आहे, पण ते आजवर कोणी वाचलेलं नाही.

मला हा कॅसिओ शिकायला लागला तो टायपिंगमुळे. बारावीनंतर मी मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसची परीक्षा दिली. त्यासाठी रोज एसटीने मालेगावला जायचे. (मालेगाव म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक लगेच ‘नाशिकचं का?’ विचारतात. नाही. आमचं वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर.) त्या सर्टिफिकेटवर नोकरी काही लागली नाही. पण बचत गटाच्या बैठकीत कॅसिओ घ्यायचं ठरलं आणि तो वाजवणार कोण हा प्रश्न निघाला, तेव्हा आईच्या शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, “हिचे बोटं चालतात ना पटापट. हिलेच द्या.” विषय तिथेच संपला. मला कोणी विचारलं नाही.

बचत गटाने कॅसिओ का घ्यावा, हे सांगायला हवं. आमचा बचत गट आणि महिला भजनी मंडळ यात माणसं जवळपास तीच. दर गुरुवारी रात्री, स्वयंपाक-जेवणं आटोपली की बाया देवळात जमतात. टाळ असतात, ढोलकी असते. पेटी मात्र गावात एक आणि ती वाजवणारे आबाजीही एकच. पुरुषांच्या मंडळाचा कार्यक्रम असला की पेटी तिकडे. बायांना ती मिळायची उरल्या वेळात. मग आबाजींना लकवा झाला, डावी बाजू गेली आणि पेटी कोणालाच मिळेना. सप्ताहासाठी पुरुष मंडळी बाजूच्या गावातून पैसे देऊन पेटीमास्तर आणत. बायांच्या गुरुवारला पैसे देऊन कोण येणार? पेटी शिकायला वर्षं जातात आणि कॅसिओत सगळं भरलेलंच असतं, असं कोणीतरी सांगितलं. बायांनी नऊ हजार काढले आणि अकोल्याहून एकसष्ट पट्ट्यांचा कॅसिओ आला.

‘सगळं भरलेलंच असतं’ हे तसं खोटं नाही. कॅसिओ ही मुळात गणकयंत्रांची कंपनी. काशिओ भावांनी १९५७ साली विजेवर चालणारं गणकयंत्र काढलं, आणि १९८० मध्ये ‘कॅसिओटोन २०१’ नावाचा पहिला कीबोर्ड. चार भावांतल्या तोशिओंची इच्छा अशी होती की वाद्याचा आवाज कोणालाही काढता यावा. बासरी हातात घेतली तर आधी नुसती फुंकच येते. व्हायोलिनवर महिनोन्‌महिने दार कुरकुरतं. कीबोर्डवर मात्र पहिल्या दिवशी, पहिल्या बोटाला, नेमका सूर येतो. माझ्या चार वर्षांच्या भाच्याने पट्टी दाबली तरी तोच सूर आणि मोठ्या उस्तादाने दाबली तरी तोच.

त्यामुळे पहिला आठवडा फार छान गेला. सगळ्यांना वाटलं, झालं.

अडचण दुसऱ्या आठवड्यात आली. टायपिंगमध्ये प्रत्येक बोटाची जागा ठरलेली असते. डाव्या तर्जनीला जी अक्षरं दिली ती तिची, दुसरं बोट तिथे जात नाही. इथे कुठल्याच बोटाला घर नाही. सूर सात आणि बोटं पाच, म्हणून ‘सा रे ग’ झालं की अंगठा तळहाताखालून आत न्यायचा, ‘म’वर ठेवायचा आणि हात पुढे सरकवायचा. एक दोन तीन, मग पुन्हा एक दोन तीन चार, वरचा ‘सा’ करंगळीला. हे वाचायला जेवढं सोपं आहे तेवढं अंगठ्याला नाही. माझा अंगठा दोन वर्षं स्पेसबार मारून मारून आळशी झाला होता. ‘म’ आला की हात असा अडखळायचा, जसा बैल नाल्यापाशी थबकतो.

दुसरी अडचण भाषेची. यूट्यूबवरचे सर सांगतात सी, डी, ई. हिंदीतल्या मॅडम सांगतात सा, रे, ग, आणि वर म्हणतात की सा कुठूनही धरा. आणि आमच्याकडचे गाणारे यातलं काहीच बोलत नाहीत. ते म्हणतात पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार. हा हिशेब मला फार आवडला, कारण त्यात पाठ करायचं काही नाही. सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या मोजा, एक ते सात. काळ्या मोजा, एक ते पाच. झालं. पुरुषांचा सा साधारण काळी एक-काळी दोनच्या आसपास असतो. आमच्या बायांचा काळी चार, कधी काळी पाच. आमच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून प्रत्यक्षात बाया म्हणतात, “कायी चार दे वं.”

आणि मला येत होती फक्त पांढरी एक.

यातून पहिली सुटका केली ती एका दादाने. आमच्या गावात कॅसिओ पहिल्यांदा आला तो देवळात नव्हे, चौदा एप्रिलला, भीमजयंतीच्या मंचावर. हा दादा गायन पार्टीत वाजवतो. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहतो. देवळातल्या भजनासाठी त्याच्याकडे शिकायला जायचं यावर एक-दोघींनी नाकं मुरडली. आई म्हणाली, “सुराले कोणती गल्ली असते?” आणि मला पाठवलं. त्याने माझा हात पाहिला आणि पहिल्यांदा बोटं वाकवायला लावली, मुठीत लिंबू धरल्यासारखी. मग ट्रान्सपोज नावाचं बटण दाखवलं. ते उणे चारवर नेलं की बोटं पांढरी एकवर ठेवायची आणि आवाज काळी चारचा येतो. मी म्हटलं, ही तर कॉपी झाली. तो म्हणाला, “मंचावर गायक ऐन वेळी पट्टी बदलतो. तेव्हा काय त्याला थांब म्हणशील? बटण दाब आणि वाजव.”

बटण दाबून मी गुरुवारी वाजवायला बसले. दोन भजनं निघाली. बायांचे चेहरे फुलले. देवळाच्या ओट्यावर भिंतीला टेकून आबाजी ऐकत होते. मी कॅसिओ पिशवीत भरत होते तेव्हा त्यांनी हाक मारली. लकव्याने त्यांचं बोलणं जरा जड झालंय, पण कळतं.

“पोरी, बाया श्वास घेतात तवा तू कायले वाजोतं?”

मला काहीच बोलता आलं नाही. त्यांनी विचारलं तसं यूट्यूबवरच्या कोणत्याच सरांनी विचारलेलं नव्हतं.

“उद्या घरी ये,” ते म्हणाले. “माह्यी पेटी धूळ खाऊन राह्यली. मले डावा हात पाह्यजे.”

पेटीचं यंत्र ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी. पेटीत सूर पट्टीत नसतो. पट्टी म्हणजे नुसतं झाकण. खाली पितळेच्या पातळ जिभा असतात, हवा त्यांच्यातून गेली की त्या थरथरतात, तो सूर. हवा देतो भाता, आणि भाता असतो डाव्या हातात. मागचा भाता हवा आत ढकलतो, आत आणखी एक भाता असतो, स्प्रिंगवर बसवलेला, त्यात ती साठते. म्हणून भाता मारायच्या मधल्या क्षणीही सूर तुटत नाही. उजव्या हाताची पाचही बोटं कितीही तयारीची असोत, डावा हात गेला की पेटी मुकी. आबाजींचा उजवा हात शाबूत होता. चाळीस वर्षांची बोटं जशीच्या तशी होती. त्यांच्या नातवाने काही दिवस भाता मारून दिला, पण तो फोन पाहत मारायचा. मग त्यांनी पेटी बंद केली आणि वर चादर टाकली.

मी जवळपास तीन महिने त्यांचा भाता मारला. त्या तीन महिन्यांत त्यांनी मला पेटीची एकही पट्टी दाबू दिली नाही. आम्ही शेजारी शेजारी बसायचो, पेटी मध्ये, त्यांचा उजवा हात पट्ट्यांवर, माझा डावा भात्यावर. सुरुवातीला मी जोर लावला की सूर भुंकल्यासारखा यायचा. कमी लावला की खर्जातल्या पट्ट्या आधी दम सोडायच्या, कारण त्यांच्या जिभा मोठ्या, त्यांना हवा जास्त लागते. “भरून ठेव. रिकामा होऊ देऊ नको, पण ठासू नको,” एवढंच ते सांगत.

मग हळूहळू हाताला काही गोष्टी कळायला लागल्या, ज्या कानाला कळल्या नव्हत्या. ओळ संपत आली की त्यांची बोटं जरा हलकी होतात आणि तिथे भाता सैल सोडायचा. वरच्या सा वर जाताना आधी, एक क्षण आधी, हवा भरून घ्यायची. ते गुणगुणत वाजवायचे, अर्धं तोंड वाकडं, त्यामुळे शब्द कळत नसत, पण श्वास कुठे घेतला ते बाजूला बसून स्पष्ट ऐकू यायचं. माझा हात त्या श्वासाबरोबर चालायला लागला. कधी कधी भजनाच्या मधल्या एखाद्या जागेवर आम्ही दोघं एकदम थांबायचो, सूर विझायचा आणि पुन्हा एकदम उचलायचो. ते काही म्हणायचे नाहीत. फक्त पुढचं भजन घ्यायचे, म्हणजे मागचं बरं झालं असं समजायचं.

एकदा मी त्यांना विचारलं की तुम्हाला कॅसिओचा एवढा राग का. ते म्हणाले, “राग नाई. पण थ्याले दम लागत नाई ना.”

मी त्यांना फोनवर वाचलेलं सांगितलं की पेटीलाही एके काळी लोक असंच म्हणत होते. पेटी आपली नव्हेच. १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये देबाँ नावाच्या माणसाने हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तिचा भाता पायाने मारायचा होता. आपल्याकडे खाली मांडी घालून बसायची रीत, म्हणून कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी हाताच्या भात्याची पेटी केली. मराठी संगीत नाटकाने तिला डोक्यावर घेतलं. गोविंदराव टेंब्यांसारखे वादक तिच्यावर नावारूपाला आले. पण १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. तिच्यात मींड निघत नाही, तिचे सूर कापून एकसारखे बसवलेले आहेत, ती भारतीय गाण्याला बिघडवते, असे आक्षेप होते. रवींद्रनाथ टागोरही तिच्या विरोधात होते. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. म्हणजे तीस वर्षं रेडिओवर पेटी नव्हती, आणि त्याच तीस वर्षांत आमच्या भागात गावोगाव तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांच्या भजनांत खंजिरीच्या शेजारी पेटी वाजत होती. रेडिओवाल्यांना जे पटलं नाही ते वऱ्हाडाने विचारलंही नाही.

आबाजींनी हे सगळं शांतपणे ऐकलं. “मंग?” ते म्हणाले. “पेटीनं गाणं बिघडोलंच. आता हे अजून बिघडोवते.” आणि हसले.

बिघडण्याचा हिशेब मी नंतर करून पाहिला. फोनमध्ये सूर मोजायचं ॲप असतं. एका पट्टीपासून लगेच पुढच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग करतात, एक भाग म्हणजे एक सेंट. कॅसिओचा गंधार सा पासून बरोबर चारशे सेंटवर असतो, कारण तिथे सगळी अंतरं समान कापलेली. तंबोऱ्याच्या सा मधून जो नैसर्गिक गंधार ऐकू येतो तो तीनशे शहाऐंशीच्या जवळ. चौदा सेंटचा फरक. आई भाकरी थापताना गाते, तेव्हा मी फोन चुलीजवळच्या डब्यावर ठेवला. तिचा गंधार दर वेळी कॅसिओच्या जरासा खाली. ती कॅसिओबरोबर गाते तेव्हा मात्र वर सरकतो, नकळत, कॅसिओला जुळवून घेतो. नऊ हजारांचं यंत्र आईला जुळवून घेत नाही, आईच यंत्राला घेते. हे कळल्यावर मी ठरवलं की ती ठेहराव घेऊन गंधारावर थांबली की माझं बोट गंधारावरून उचलायचं. सा धरून ठेवायचा. तिचा गंधार तिचा तिला लावू द्यायचा. हे कुठल्या व्हिडिओत नाही, पण आमच्या देवळात चालतं.

श्वासाचंही तसंच. कॅसिओला भाता नाही, पट्टी दाबून ठेवली की सूर तसाच्या तसा चालू राहतो. मग मी पट्टी सोडायला शिकले. ओळ संपली की हात उचलायचा, बाया श्वास घेतात तेवढा वेळ पूर्ण गप्प बसायचं आणि त्यांच्या पहिल्या अक्षराबरोबर परत यायचं. माझा डावा हात तोपर्यंत रिकामाच होता. यूट्यूब म्हणतं डाव्या हाताने कॉर्ड धरा. मी धरून पाहिली. तीन सूर एकदम वाजले की भजन सिनेमातलं वाटायला लागलं आणि एका मावशीने विचारलं, “मागून हे काय भुणभुण करून राह्यलं?” आता डावा हात खालचा सा आणि प एवढंच धरतो, आणि ओळीच्या शेवटी भाता सैल सोडावा तसा सोडतो. मनगट अजूनही मागे-पुढे होतं. कॅसिओला त्याचा काही उपयोग नाही.

एवढं जमत आलं आणि ढोलकीवाल्या काकू चाकणला गेल्या.

त्यांचा मुलगा तिकडे कंपनीत आहे, सुनेला बाळ झालं, दोघं शिफ्टला जातात. आमच्या गावातून दर घरटी एकजण तरी पुण्याकडे आहे. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला, २०२२च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डीपर्यंत सुरू झाला, त्यावरून ट्रॅव्हल्स जातात. आधी तरणी मुलं गेली, आता त्यांची मुलं सांभाळायला आया चालल्यात. कोणाला बोल लावणार? पण गुरुवारी ढोलकी नव्हती.

आणि कॅसिओत ढोलकी होती. भजनी, केहरवा, दादरा, सगळं. बटण दाबलं की ठेका सुरू, थकत नाही, चाकणला जात नाही. बाया खूश झाल्या. मी मात्र तिसऱ्या भजनाला पाहिलं की काहीतरी वेगळं घडतंय. आमची भजनं सावकाश सुरू होतात आणि शेवटी रंगात येऊन पळतात. टाळ वाढतात, एखादी उठून फुगडी धरते. काकूंच्या ढोलकीला ते कळायचं, किंवा त्याच ते घडवून आणायच्या. कॅसिओचा ठेका शहाण्णववर लावला की शेवटपर्यंत शहाण्णव. बाया पुढे पळू पाहायच्या आणि ठेका त्यांना मागे ओढायचा. मी वेग वाढवायचं बटण दाबत जायचे, पण त्यासाठी एक हात पट्ट्यांवरून काढावा लागे. दोन-तीन गुरुवारांत बायांनी पळणं सोडून दिलं. भजन नीटनेटकं झालं. सुरुवातीला जसं तसं शेवटी. फुगडी बंद झाली. कोणी तक्रार केली नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

काकूंना मी फोनवर सांगितलं. त्यांनी मग बाळ झोपलं असताना, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ढोलकीवर रुमाल टाकून, तीन भजनांचा ठेका वाजवला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. आम्ही देवळात फोन माईकला लावला. जमलं नाही. काकू चाकणच्या खोलीत एकट्या वाजवत होत्या, त्यांना आमचं गाणं ऐकू येत नव्हतं, त्या आमच्या आधीच रंगात आल्या. सगळ्या बाया हसायला लागल्या. एक जण डोळे पुसत होती. ते रेकॉर्डिंग मी ठेवलंय. त्यात मध्येच बाळ उठल्याचा आवाज आहे आणि ढोलकी थांबते.

आता ठरलंय असं की बटणाचा ठेका फक्त पहिल्या दोन भजनांना. मग तो बंद. मग नुसते टाळ, आणि एक सातवीतली मुलगी ढोलकीवर बसते, जी अजून केहरव्याच्या आठ मात्रांत दोन वेळा अडखळते. वेग तिच्यामुळे वाढतो-कमी होतो, बऱ्याचदा नको तिथे. पण कमी-जास्त होतो.

एक गोष्ट राहिली. मध्यंतरी मी आबाजींच्या घरी कॅसिओ घेऊन गेले. माझ्या डोक्यात साधा विचार होता. याला भाता नाही. म्हणजे डावा हात लागत नाही. चाळीस वर्षांचा उजवा हात घरात नुसता पडून आहे, आणि मी येईन तेवढाच वेळ तो वाजतो, सोंगणीच्या दिवसांत तर आठ आठ दिवस नाही. सोयाबीन काही पेटीसाठी थांबत नाही. कॅसिओ त्यांच्याकडे ठेवला तर ते रोज वाजवू शकतील. बायांनाही मी विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या होत्या. फक्त गुरुवारी आणायचा.

मी खाटेवर त्यांच्यासमोर ठेवला, पेटीचा आवाज निवडला, लाइट नव्हती म्हणून सहा मोठे सेल टाकले. त्यांनी आधी पट्ट्या हाताने चाचपल्या. म्हणाले, “हलक्या हायेत.” मग वाजवायला लागले.

काळी दोनमध्ये वाजवलं त्यांनी, ट्रान्सपोज बटणाकडे पाहिलंही नाही. मी पहिल्यांदा त्यांना लांबून पाहत होते, कारण एरवी मी त्यांच्या डाव्या बाजूला चिकटून बसलेली असते. बोटं अशी चालत होती की कॅसिओ आमचाच आहे का असं वाटावं. पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. त्यांचा डावा हात मांडीवर पडला होता, नेहमीसारखा, बोटं आत वळलेली. खांदा मात्र हलत होता. पुढे, मागे. पुढे, मागे. ओळ संपली की थांबत होता.

दहा-पंधरा मिनिटं वाजवलं. सुनेने आतून येऊन पाहिलं आणि चहा ठेवायला गेली. मग ते थांबले आणि कॅसिओ माझ्याकडे सरकवला.

“ठेवा ना आबाजी. तुमच्याचसाठी आणलाय.”

“नाई.”

“का? चांगला तर वाजत होता.”

“वाजते. लय चांगला वाजते.” त्यांनी चादर टाकलेल्या पेटीकडे पाहिलं. “पण थ्याले कोणी लागतच नाई. मंग तू कायले येशीन?”

मी म्हटलं, येईन, रोज येईन. ते म्हणाले, “भाता मार.” म्हणून मी पेटी ओढली आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मला पट्ट्यांना हात लावू दिला. म्हणजे भाता मारत मारत उजव्या हाताने. आणि बटण नाही, काळी चार खरोखरची, काळी चारवरूनच. सा काळी चार, रे काळी पाच, ग पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच, आणि परत काळी चार. अंगठा काळ्या पट्टीवर टाकायचा नाही, हा नियम. म्हणून तर्जनी सा वर, मधलं बोट रे वर, अंगठा आतून ग वर. पुन्हा तर्जनी, मधलं बोट, आणि प नंतर परत अंगठा आतून, ध वर.

तो दुसरा अंगठा अजून बसत नाही. प पर्यंत हात व्यवस्थित जातो आणि मग थबकतो, आणि भाता मात्र चालूच राहतो, त्यामुळे प नुसता लांबत जातो. आबाजी तो लांबू देतात. खाटेवरून त्यांची सून विचारते, “झालं का?” आणि ते म्हणतात, “थांब. येऊन राह्यला.”

कोजागरीनंतर काकडा सुरू होईल, महिनाभर, पहाटे पाचला. काकू तेवढ्यासाठी आठ दिवस येणार आहेत, बाळाला घेऊन. तोवर ध आला पाहिजे.